काय दिलं, किती खाल्लं

४ मार्च, मंगळवार

ही वही हिच्या जेवणाची आहे. ही म्हणजे माझी बायको. काय खातात, किती खातात ते लिहून ठेवा, असं सप्टेंबरात डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी पट्टी घेऊन रेघा मारल्या आणि तीन रकाने केले. वेळ, काय दिलं, किती खाल्लं. सत्तावीस जानेवारीपर्यंत एकही दिवस रिकामा नाही. अठ्ठावीसला सकाळी ती गेली आणि निम्मी वही कोरी राहिली. मुलगी म्हणते, "बाबा, कोणाशी बोलत नाही तर निदान लिहीत तरी जा." त्यासाठी नवी वही आणावीशी वाटली नाही.

लिहिण्याची सवय आहे, पण आकड्यांची. चाळीस वर्षं मी वजनकाटे तपासले. काटा बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर बंद करायचा. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कधी आकडा लिहिला नाही.

आज बादलीचा वार. आमच्या गल्लीत मंगळवारी आणि शुक्रवारी ओल्या कचऱ्याची गाडी येते. प्रत्येक घराला हिरवी बादली दिली आहे, झाकणाला खटका आणि पोटावर नंबर. आमचा एकशे सोळा. सगळ्या बादल्या खाली जिन्याखाली ओळीने असतात. गाडीला मागे काटा आहे. बादली आकड्याला टांगायची, वजनाची नोंद होते, मग उलटी करायची. उष्टं, सालं, शिळं, सगळ्याचं खत करतात.

हिच्या आजारपणात ते काम मुलीने घेतलं होतं. रोज कामावर जाण्याआधी यायची, आईला पुसून, कपडे बदलून द्यायची आणि जाताना ओट्यावरचा कचऱ्याचा डबा खाली नेऊन बादलीत रिकामा करायची. मी न्यायला लागलो की म्हणायची, "राहू द्या बाबा, मी जातेच आहे." अशी मुलगी सगळ्यांना मिळत नाही.

आता मीच नेतो. आज बादलीत चहाचा चोथा आणि केळ्याची दोन सालं.

७ मार्च, शुक्रवार

बादलीवाली बाई आज बोलली. एरवी मी कोणाशी बोलत नाही, म्हणून तीही बोलत नसे. नारिंगी हातमोजे, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. एकशे सोळा उचलली आणि म्हणाली, "काका, बादली दिलीत की नुसतं झाकण?"

मी म्हणालो, एकटा आहे आता.

"माहितेय. पण एकटा माणूस जेवतो तरी ना?" मग म्हणाली, "काकू होत्या तेव्हा केवढी भरून..." ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

काहीतरी चुकीचं आठवत असेल तिला. दिवसाला दीडशे बादल्या उचलते.

पट्ट्याला आज खिळ्याने नवीन भोक पाडलं. कातडं सैल होत असावं, जुना पट्टा आहे.

१० मार्च, सोमवार

टपालाने पत्र आलं. कचरा सेवेच्या कार्यालयाचं, सोबत दाराला लावायला हिरव्या पानाचं चित्र. "अभिनंदन! आपल्या घराने अन्नाची नासाडी पाच पटींनी कमी केली आहे. आपण परिसरातील आदर्श घर आहात." खाली तक्ता.

नोव्हेंबर २९ किलो. डिसेंबर ३३ किलो. जानेवारी ३१ किलो. फेब्रुवारी ६ किलो.

मी तो तक्ता तीनदा वाचला. आमच्या घरात महिन्याला तेहतीस किलो अन्न वाया? ज्या घरात एक माणूस अंथरुणाला आणि दुसरा तिच्यासाठी चार वेळा रांधतोय? डिसेंबरची पानं माझ्यासमोर आहेत. १४ डिसेंबर: सकाळी लापशी, पूर्ण. दुपारी मऊ भात आणि भाजी, पूर्ण. चारला कुस्करलेलं केळं, अर्धं. रात्री सूप, पूर्ण वाटी.

मला स्वयंपाक येत नव्हता. एकसष्टाव्या वर्षी तिने पलंगावरून हाका मारून शिकवला. "अहो, वास आला की गॅस बारीक करा, करपायची वाट बघू नका!" पहिला भात कुत्र्यानेही खाल्ला नसता. डिसेंबरपर्यंत मला जमायला लागलं होतं. तिला चव आली होती. बाराव्या तारखेला तिने आपण होऊन सांगितलं, सूप पातळ नको, घट्ट करत जा. तेव्हापासून मी बटाटा घालून घट्ट करायचो. रोज वाटी स्वच्छ. मी समोर बसलेलं मात्र तिला चालत नसे. "तुम्ही टक लावून बसलात की घास उतरत नाही. जा, पेपर वाचा." मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचायचो आणि तिने हाक मारली की वाटी आणायला जायचो.

आणि वजन तरीही उतरत होतं. एक्केचाळीस, एकोणचाळीस, छत्तीस. डॉक्टर म्हणायचे, आजारच तसा आहे. मी आणखी करायचो.

काटा चुकीचा आहे. दुसरं काही असू शकत नाही.

११ मार्च, मंगळवार

कार्यालयात फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"काका, तुमचं वजन कमी झालंय. वाढलं असतं तर तक्रार समजली असती."

मी म्हणालो, माझी तक्रार आत्ताच्या वजनाची नाही, आधीच्या वजनाची आहे.

"म्हणजे तुम्ही आधी कमी टाकत होतात, असं म्हणायचंय?"

हो.

"मग आता आणखी कमी टाकताय. मग तर डबल अभिनंदन!"

मी फोन ठेवला. हसायला हवं होतं. ही असती तर दिवसभर पुरवून पुरवून हसली असती.

१४ मार्च, शुक्रवार

निवृत्त होताना सहकाऱ्यांनी मला पितळेचं दोन किलोचं प्रमाण माप दिलं होतं. ते कपाटातून काढलं, पुसलं, कापडी पिशवीत घालून खाली गेलो.

बादलीवाली म्हणाली, "हे काय, सोनं टाकताय का ओल्या कचऱ्यात?"

मी म्हणालो, काटा तपासायचा आहे.

"तपासा हो. माझंही वजन करून द्या, दवाखान्यातला काटा मेला खोटं बोलतो."

आधी रिकामी पिशवी टांगली, मग माप घालून टांगली. वजाबाकी केली. दोन किलो. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा दोन किलो, एका ग्रॅमचाही फरक नाही. इतका चांगला काटा मी नोकरीत क्वचित पाहिला.

तिला विचारलं, डिसेंबरात हाच काटा होता का. म्हणाली, "हाच. गाडी नवीन आली तेव्हापासून हाच." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज खाली आला. "काका, तुमची बादली जड असायची हे मी माझ्या हाताने सांगते. ताई स्वतः जिन्याखालून काढून द्यायच्या, दोन हातांनी. एकदा तर सगळं पातळच होतं, माझ्या पायावर सांडलं. मग मी पिवळं कार्ड लावलं, पातळ पदार्थ टाकू नयेत म्हणून. त्यानंतर नीट घट्ट यायला लागलं. तुम्हाला नाही सांगितलं ताईंनी?"

नाही.

कार्ड कधी लावलं, विचारलं. डिसेंबरात, म्हणाली. दुसरा आठवडा असेल.

माप घेऊन वर आलो. दोन मजले चढताना तीनदा थांबलो.

१५ मार्च, शनिवार

१२ डिसेंबर. "आजपासून सूप घट्ट." माझ्याच अक्षरात.

दुपारी तिच्या पलंगाजवळचं कपाट उघडलं. ती गेल्यापासून उघडलं नव्हतं. खालच्या खणात, शालीच्या मागे, आइस्क्रीमचा पांढरा डबा, निळं झाकण. स्वच्छ धुतलेला. आत कागदी रुमाल घडी करून ठेवलेले. आमच्या घरात कोणी आइस्क्रीम खात नाही.

जास्त लिहीत नाही.

१६ मार्च, रविवार

मुलगी आली. मी डबा टेबलावर ठेवला होता. तिने पर्स खांद्यावरून काढलीसुद्धा नाही.

"कुठे मिळाला?"

डबा कसला आहे, असं तिने विचारलं नाही.

मी म्हणालो, म्हणजे तुला माहीत होतं.

"हो."

कधीपासून?

"ऑक्टोबर संपता संपता. बाबा, तिला गिळताच येत नव्हतं. दोन चमचे, फार तर तीन. बाकीचं त्या डब्यात. मी सकाळी आले की..." तिने हाताने बादलीकडे नेल्यासारखी खूण केली.

डॉक्टर?

"त्यांनाही माहीत होतं. त्यांनीच सांगितलं, बळजबरी करू नका, त्रास वाढेल."

आणि मला वही लिहायला सांगितली.

"ती सप्टेंबरात सांगितली होती बाबा. तेव्हा ती खात होती. नंतर आई म्हणाली, वही चालू राहू दे."

मला का नाही सांगितलं?

ती रडायला लागली. "आईने शपथ घातली होती. म्हणायची, त्यांच्या हातांना काम राहू दे. रांधणं थांबलं तर ते दिवसभर माझ्याकडे बघत बसतील, आणि ते मला सोसायचं नाही."

मी म्हणालो, म्हणजे मी तीन महिने बादलीसाठी स्वयंपाक केला.

"असं नका ना म्हणू."

मग कसं म्हणू? किलोत सांगू? त्र्याण्णव किलो.

"बाबा, तुम्ही वाटी घेऊन बाहेर आलात की तुमचा चेहरा बघायचे ना मी. पूर्ण संपवलं म्हणून सांगायचात. कुठल्या तोंडाने सांगणार होते मी?"

तिला पाणी द्यायला हवं होतं. नाही दिलं. ती गेली तेव्हा दारापर्यंतही गेलो नाही. जिन्यात बराच वेळ तिची पावलं वाजली नाहीत, म्हणजे उभी होती.

१८ मार्च, मंगळवार

बादली दिली नाही.

दिवसभर हिशेब लावत बसलो. कोणाकोणाला माहीत होतं? हिला, मुलीला, डॉक्टरांना. जावयालाही असणार. बादलीवालीला तर वजनासकट. खताच्या खड्ड्यालाही माहीत होतं म्हणा. माहीत नव्हतं ते एकट्या मलाच, आणि मी घरातच होतो, दहा पावलांवर, पेपर उलटा-सुलटा करत.

सदतीस वर्षं आम्ही एका ताटात नाही, पण एका घरात जेवलो. तिने मला कधी कशात फसवलं नाही. साडीची किंमतही खरी सांगायची. आणि शेवटी, जाता जाता, रोज चार वेळा खोटं बोलली. "छान झालंय." "आज जरा जास्तच खाल्लं." वर शाबासकी, "हात बसला हो तुमचा." लहान मुलाला मातीचा लाडू खाल्ल्याचं नाटक करून दाखवतात, तसं.

मी तिला विचारू शकलो असतो तर भांडलो तरी असतो. तिने तीही सोय ठेवली नाही.

नोकरीत एका सहकाऱ्याला मी सगळ्यांसमोर झापलं होतं. तो काट्यापर्यंत न जाता, दुकानदाराने सांगितलेला आकडा लिहायचा. मी तरी काय केलं? रिकामी वाटी बघितली आणि 'पूर्ण' लिहिलं. वही सगळी खोटी आहे. फाडायला घेतली. नाही फाडली, कारण ९ जानेवारीला एक ओळ आहे: "दुपारी म्हणाली, आज मीठ जास्त झालंय." म्हणजे त्या दिवशी चाखलं तरी होतं.

की तेही मला खरं वाटावं म्हणून?

२५ मार्च, मंगळवार

मुलीचे फोन येतात. वाजू देतो.

आज बादलीवाली वर आली, दोन मजले चढून. दारातच उभी राहिली.

"एकशे सोळा तीन वेळा आली नाही. म्हटलं, माणूस आहे की नाही ते बघावं."

मी म्हणालो, टाकायला काही नाही.

ती आत डोकावली. ओट्यावर बिस्किटाचा पुडा होता. "मला बोलायचा अधिकार नाही काका. पण अठरा वर्षं मी लोकांच्या बादल्या बघते. लग्न ठरलं, पोर झालं, कोणाचं कोणाशी पटेना झालं, सगळं वजनात कळतं मला. रिकामी बादली चांगली नसते हो. ते ऑफिसवाले उगाच पानं वाटत फिरतात."

मी विचारलं, तुला तेव्हा कळलं होतं का, आमच्या बादलीत काय येत होतं?

"कळलं होतं."

मग मला का नाही सांगितलंस? मी रोज गॅलरीत उभा असायचो.

तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "काय सांगणार? भातावर तूपसुद्धा असायचं."

ती गेल्यावर दाराला कधी न लावलेलं ते हिरव्या पानाचं चित्र कागदाच्या रद्दीत टाकलं.

६ एप्रिल, रविवार

काल जावयाचा फोन आला. तो सहसा करत नाही. "बाबा, मध्ये पडायचं नव्हतं मला. पण ती तीन आठवडे धड जेवली नाहीये. ताट वाढून घेते आणि तसंच ठेवते. तुम्ही एकदा या. भांडायला या हवं तर."

आज गेलो. भांडायलाच गेलो होतो. डबा बरोबर घेतला होता, तिच्यासमोर ठेवून म्हणणार होतो की हा तुझा, तूच ठेव.

दार तिनेच उघडलं. खांद्याची हाडं दिसत होती. हिची दिसायची तशी. डबा पिशवीतून काढायचं राहून गेलं.

जावई मुद्दाम बाहेर गेला होता, सामान आणायला. तिने माझं पान मांडलं. भात, भाजी आणि सूप.

"बटाटा घालून केलंय, तुमच्यासारखं घट्ट. किती घालायचा ते तुम्हालाच विचारणार होते, तर तुम्ही फोन उचलत नाही."

दोन मध्यम, म्हणालो.

"मी तीन घातले."

मग चालायचं नाही, चमचा उभा राहील.

ती हसली असावी, तोंड वळवलं होतं. माझ्यासमोर बसली, स्वतःला वाढून न घेता, आणि माझ्या हाताकडे बघत राहिली.

मी दोन चमचे घेतले. तिसरा तोंडात घेतला आणि तो तिथेच राहिला. रुचलं नाही असं नाही. चांगलं झालं होतं. नुसतं आत जाईना. तो चमचा कसाबसा पाण्याबरोबर ढकलला. ती बघत होती. मी भात कालवला, पुन्हा कालवला, उगाच कडेला सारला. मी म्हणालो, अगं, तू टक लावून बसलीस की घास उतरत नाही. जा, गॅलरीतले कपडे तरी काढून आण, ऊन लागून विटतील.

ती उठली आणि गेली.

मी ताट उचललं. त्यांची बादली मोरीच्या कट्ट्याखाली असते, आमच्यासारखीच, हिरवी. खटका हळू काढला, आवाज होऊ दिला नाही. भात, भाजी, सूप, सगळं आत. वरून तिथल्याच बटाट्याची सालं पसरली, हाताने दाबली. ताट पाण्याने विसळलं नाही, बोटानेच निपटलं, नाहीतर कळलं असतं. वाटीही. हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. परत येऊन बसलो आणि तिच्या चपला वाजल्या.

कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून ती दारात थांबली. ताटाकडे बघितलं.

"संपवलंत?"

संपवलं. मीठ अगदी बरोबर पडलंय. हात बसला तुझा.

तिचा चेहरा मी इथे लिहीत नाही. कपडे खुर्चीवर टाकून तिने ताट घेतलं, उभ्याउभ्याच भात वाढला आणि बसून जेवायला लागली. भात दोनदा घेतला. सूप वाटीला तोंड लावून प्यायली, लहानपणी प्यायची तसं. मी पेपर घेतला आणि तो तोंडासमोर धरला.

मी कोणाला माफ केलेलं नाही. मुलीलाही नाही आणि हिला तर नाहीच. डबा पिशवीतून परत घरी आणलाय, हिच्या कपाटात होता तिथे ठेवलाय. मुलीच्या गल्लीत बादलीचा वार बुधवार असतो.

वहीचे रकाने अजून आखलेले आहेत. चाळीस वर्षांत मी जाणूनबुजून खोटी नोंद केलेली नाही.

वेळ: दुपारी एक. काय दिलं: भात, भाजी, घट्ट सूप. किती खाल्लं: पूर्ण.